माझी वाफ आणि टिलिंगबाईंची खिडकी

आमच्या ग्लीब स्ट्रीटवर माझ्याइतका लोकप्रिय माणूस दुसरा नव्हता. खोटं वाटत असेल तर गेल्या हिवाळ्यात माझ्या दारावरची वर्दळ ज्यांनी पाहिली त्यांना विचारा! ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत माझ्या किटलीला उसंत नव्हती. त्याआधी आणि त्यानंतर काय होतं ते विचारू नका, निदान एवढ्यात तरी.

बरं, विचारताच आहात तर सांगतो. मेव्हिस, माझी बायको, जाऊन तीन वर्षं होत आली. गल्लीतली माणसं आमच्याकडे यायची ती तिच्यासाठी. मी मेव्हिसचा नवरा, कोपऱ्यात पेपर वाचणारा. ती गेली तेव्हा आठवडाभर लोक झाकलेली भांडी घेऊन येत राहिले. मी भांडी धुऊन परत केली आणि येणं-जाणं संपलं. कुणी वाईट वागलं असं नाही. आमच्या गल्लीत कुणी कुणाशी वाईट वागतच नाही, कुणी कुणाशी काही वागतच नाही म्हणा ना.

एक सांगतो, हसू नका. आम्ही दोघं होतो तेव्हा थंडीत सकाळी बेडरूमची खिडकी आतून पार भिजलेली असायची. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास. मेव्हिस फडकं घेऊन काच पुसायची आणि सगळा दोष माझ्या घोरण्याला द्यायची. हल्ली काचेच्या माझ्या बाजूच्या कोपऱ्यात तेवढा एक धुरकट डाग धरतो, तोही चहा होईपर्यंत निघून जातो. फडकं लागतच नाही, पण ते मी खिडकीतून हलवलेलं नाही.

तर ऑक्टोबरात घर तापवणारा आमचा जुना बॉयलर गचकला. नवीन बसवायला केव्हिन आला. केव्हिन यॉर्कशरचा. तिकडची माणसं मनात येईल ते तोंडावर बोलून मोकळी होतात. आमच्याकडे त्याला दुखणं समजतात. पण पोरगा कामाचा होता आणि बोलका होता. काम चाललं तेवढे दिवस मी त्याच्या मागेमागे चहाचे कप घेऊन फिरत होतो. शेवटी तो म्हणाला, "काका, एवढा चहा प्यायलो तर मलाच नळी बसवावी लागेल."

बॉयलर स्वयंपाकघरात बसला आणि त्याची नळी बाजूच्या भिंतीतून बाहेर काढली, माझं घर आणि टिलिंगबाईंचं घर यांच्यामधल्या बोळात. बोळ एवढा अरुंद की बाजाराच्या दोन पिशव्या घेतल्या तर माणूस आडवा चालतो. नव्या बॉयलरचा धूर काळा नसतो, नुसती पांढरी वाफ असते. ती वाफ जाते कुठे हे केव्हिननं पाहिलं नाही. मी तर पाहायचा प्रश्नच नव्हता, मी आत बसून ऊब घेत होतो.

शिवाय मी स्वतःच्या डोक्यानं एक सुधारणा केली. स्वयंपाकघराच्या भिंतीत, वर, हवा खेळायला एक जाळीचं भोक आहे. त्यातून गार झुळूक यायची. पैसे मोजून घर तापवायचं आणि भोकातून गावाला वाटायचं? मी मेव्हिसचे जुने लोकरी मोजे त्यात गच्च कोंबले आणि आरामखुर्चीत बसलो. भलतंच हुशार वाटलं मला.

आणि मग दारावर टकटक झाली.

टिलिंगबाई! नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेल्या, पाठ अजून काठीसारखी ताठ. हातात पत्र्याचा डबा आणि डब्यात आल्याचा केक. सहज आले म्हणाल्या. सहज! माझ्याकडे तीन वर्षांत सहज कुणी आलं नव्हतं, मीटर बघणारासुद्धा कामाशिवाय येत नाही. मी त्यांना चांगल्या खुर्चीत बसवलं आणि सुरुवात हवेपासून केली.

"हल्ली फार दमट झालंय, नाही?" त्या म्हणाल्या.

नोव्हेंबर लागणार, होणारच, असं मी म्हटलं.

"सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून काही म्हणजे काही दिसत नाही."

"धुकं," मी जाणकारासारखा म्हणालो.

"आमच्या त्या एकाच खिडकीवर पडतं."

मी त्यांना समजावलं की धुक्याचं असंच असतं, त्याला काही नियम नाही. त्या कपात बघत राहिल्या. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "तुमचं घर मात्र छान गरम असतं हं, मिस्टर पेनफोल्ड. बॉयलर बराच वेळ चालू असतो वाटतं."

मंडळी, एका बाईनं माझ्या घराला ऊबदार म्हटलं! त्या पुन्हा आल्या तर गारठायला नकोत म्हणून मी त्याच संध्याकाळी बॉयलरचा काटा वर सरकवला. आणि काय आश्चर्य, दोन दिवसांत त्या पुन्हा आल्या. या वेळी दोरीवरचे कपडे वाळत नाहीत असा विषय होता. मी त्यांना चांगल्या पिळायच्या यंत्राचं नाव सुचवलं. त्या गेल्यावर काटा आणखी थोडा वर घेतला.

मग मागच्या अंगणापलीकडचे ओकली आले. ओकली शर्यतीची कबुतरं पाळतात आणि माणसांशी बोलणं शक्यतो टाळतात. मेव्हिसच्या दफनानंतर ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. ते माझ्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभे राहिले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले की कबुतरांना सर्दी झालीय.

मी मनापासून हळहळलो.

"ओलीनं होतं," ओकली म्हणाले. "कुठून तरी ओल येते."

मी कबुतरांच्या पाण्यात लसूण टाकायला सांगितलं. त्यांनी मान डोलावली, घसा खाकरला आणि नवा बॉयलर कसा काय आहे असं विचारलं. विचारलं म्हणजे काय, मी लगेच त्यांना नवी सून दाखवावी तसा तो बॉयलर दाखवला. ओकली त्याच्याकडे खूप वेळ बघत होते.

"दमदार आहे," ते म्हणाले. "लांबपर्यंत कळतं."

माझी छाती फुगली! मी आणखी कप विकत आणले. बिस्किटांचा मोठा डबा आणला. लोक येतात म्हणून घर तापवायचं आणि घर तापवलं की लोक येतात, असं ते चक्र सुरू झालं आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. म्हणजे लक्षात आलं, पण मला वाटलं की हा माझा स्वभाव आहे. इतकी वर्षं मेव्हिसच्या सावलीत झाकला गेलेला माझा मूळचा लाघवी स्वभाव आता वर येतोय, असं मी आरशाला सांगितलं. आरसा वाफेनं पांढरा झाला होता, त्याला काही दिसलं नाही.

नाताळच्या आसपास पाद्रीबाई फेनेला आल्या. त्यांना गल्लीनं पाठवलं होतं हे मला फार नंतर कळलं. त्या माझ्या तब्येतीबद्दल बोलल्या, एकटं राहण्याबद्दल बोलल्या. मग जरा पुढे सरकून म्हणाल्या की आपण आपल्या घरात जे करतो ते नकळत दुसऱ्यापर्यंतही जाऊन पोचतं, नाही का.

मला भरून आलं. मी म्हटलं, मेव्हिस अगदी हेच म्हणायची. ती गेल्यापासून मला वाटायचं की माझ्यातलं काहीच कुणापर्यंत पोचत नाही. पण गेले दोन महिने मी पाहतोय, पोचतंय.

पाद्रीबाईंनी माझा हात हातात घेतला. गल्लीतल्या सगळ्यांना तुम्ही फार आवडता, एवढं म्हणून त्या लगबगीनं निघून गेल्या.

एव्हाना माझ्या घरात मोठा बदल झाला होता. खिडक्या आतून वाहत होत्या. सकाळी खिडकीच्या फळीवर पाण्याचं तळं साचायचं. कपाटामागं काळे ठिपके उमटले होते, बुरशीचेच, पण मला ते वाईट दिसले नाहीत. माणसांचं घर असंच असतं, असं मला वाटायचं. माणसं येतात, श्वास घेतात, बोलतात, काचेवर वाफ धरते. कोरडं ठणठणीत घर मी तीन वर्षं बघितलं होतं. मी फडकं घेऊन रोज सगळ्या काचा पुसायचो आणि पुसताना शीळ घालायचो.

जानेवारीच्या मध्याला मी रविवारचा चहा ठेवला. सगळ्यांना बोलावलं आणि सगळ्यांनी लगेच हो म्हटलं. एवढ्या लगेच हो म्हटलं की एखाद्याला शंका यायला हवी होती. टिलिंगबाई, ओकली, पाद्रीबाई. आणि केव्हिनला पण बोलावलं, कारण माझ्या घरात पहिल्यांदा पोटभर चहा प्यायला तो तोच होता. सकाळपासून बॉयलर पूर्ण जोरात चालू ठेवला. चार वाजेपर्यंत स्वयंपाकघरात मोड यावेत अशी ऊब झाली होती.

सगळे गोल बसले. एकमेकांकडे बघत होते, कुणीतरी सुरुवात करायची आहे असे. मला वाटलं, माझ्याबद्दल चार शब्द बोलणार असतील. मी उगाच नम्र चेहरा करून बसलो. बिस्किटं फिरवली. ती दातांखाली कुरकुरत नव्हती, पण सगळ्यांनी ‘छान आहेत’ म्हणत दोन-दोन घेतली. तेवढ्यात मागच्या भिंतीवरच्या वॉलपेपरनं वरून मान टाकली, हळूहळू वाकला आणि सबंध पट्टा ओकलींच्या डोक्यावर येऊन बसला.

"काही हरकत नाही," ओकली त्याच्या आतून म्हणाले.

मी त्यांना सोडवत होतो, तेवढ्यात केव्हिन आत आला. तो बोळात सिगारेट ओढायला गेला होता.

"काका," तो दारातूनच म्हणाला, "माझ्या हातून घोळ झालाय. तुमच्या नळीचं तोंड सरळ या बाईंच्या खिडकीत आहे. बोळात आंघोळ झाली माझी. सगळी वाफ तिकडं, उरलेली मागं कबुतरांत. तीन महिने कुणी बोललं कसं नाही?"

कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला आणि थांबला.

"आता विषय निघालाच आहे तर," टिलिंगबाई अगदी हळू म्हणाल्या.

मग एकेक बाहेर आलं, तेही इतक्या सभ्यपणे की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. टिलिंगबाईंच्या खिडकीच्या चौकटीला शेवाळं आलं होतं आणि त्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. ओकलींचं एक कबूतर दगावलं होतं, पण ते म्हातारंच होतं, असं ते तीनदा म्हणाले. पाद्रीबाईंनी विषय काढता आला नाही म्हणून माफी मागितली. माझ्या वाफेबद्दल सगळी गल्ली माझी माफी मागत होती आणि मी हातात वॉलपेपर धरून उभा होतो.

मी आयुष्यभर याच गल्लीत राहिलोय. इथे तक्रार करायची म्हणजे आधी हवेवर बोलायचं, केक द्यायचा, तीन-चार खेपा घालायच्या आणि समोरच्यानं ओळखायचं, ही रीत मला पाठ आहे. मी स्वतः अशाच तक्रारी केल्या आहेत. फक्त या वेळी मला ती ओळखू आली नाही, कारण मला ती ओळखायची नव्हती. त्या भरलेल्या स्वयंपाकघरात मला जेवढं एकटं वाटलं तेवढं रिकाम्या घरात कधी वाटलं नव्हतं.

केव्हिननं आठवड्याच्या आत सगळं नीट केलं. नळीला वाकडं वळण जोडून तिचं तोंड वर छताच्याही वर नेलं. वाफ सरळ आभाळात! जाता जाता त्यानं जाळीत हात घातला आणि मेव्हिसचे मोजे ओढून काढले. ‘घराचं नाक बंद केलंत, मग ते आतून रडणारच,’ असं म्हणून त्यानं ते माझ्या हातात दिले. मी ते धुऊन घडी करून ठेवले.

घर कोरडं झालं. काचा स्वच्छ झाल्या. ओकलींची कबुतरं बरी झाल्याचं मला त्यांच्या उडण्यावरून समजलं, ओकलींकडून नाही. कुणीही आलं नाही. येण्याचं काही कारणच उरलं नव्हतं. मी जास्तीचे कप वरच्या फळीवर ठेवले आणि बिस्किटांचा डबा तसाच बंद करून टाकला. सकाळी खिडकीच्या कोपऱ्यात पुन्हा तो एक डाग.

मात्र टिलिंगबाईंचा केकचा डबा माझ्याकडे राहिला होता. डबा परत करायचा असतो आणि रिकामा करायचा नसतो. अख्खा फेब्रुवारी मी त्याकडे बघत काढला. मग एक दिवस जॅमच्या टार्ट आणल्या, डब्यात भरल्या, डोक्याला पाणी लावून भांग पाडला आणि त्यांच्या दारावर टकटक केली.

टिलिंगबाईंनी मला आत घेतलं. चहा केला. आता मला सांगायचं होतं एवढंच की तुम्ही येत होतात तेव्हा बरं वाटत होतं, कारण काहीही असो, तुम्ही येत जा. वाक्य तयार होतं. मी बसलो आणि हवेवर बोललो. दिवस मोठे होत चालल्याबद्दल बोललो. पलीकडच्या शेतातल्या मेंढ्यांबद्दल बोललो, ज्यांच्याशी माझा काही संबंध नाही. दुसरा कप झाला. टिलिंगबाई बोटांनी टेबलक्लॉथचा काठ सरळ करत होत्या आणि माझ्याकडे जास्त जास्त काळजीनं बघत होत्या.

"मिस्टर पेनफोल्ड," शेवटी त्या म्हणाल्या, "माझं काही तुमच्याकडे येतंय का?"

खरं बोलायची हीच वेळ होती. पण माणूस आयुष्यभर ज्या रीतीत वाढला ती एका कपात सुटत नाही.

"थोडंसं," मी म्हणालो. "तुमच्या पन्हळीतून. पाणी उडतं माझ्या भिंतीवर. फार नाही."

त्या केवढ्या ओशाळल्या! उद्या सकाळी स्वतः येऊन भिंत बघते म्हणाल्या. मी तरंगत घरी आलो. उद्या येणार! बिस्किटांचा डबा खाली काढला, एक कप पुसून ठेवला. आणि मग खिडकीतून बाहेर बघितलं तर आभाळ लख्ख निळं. आठवडाभर पावसाचा थेंब पडलेला नव्हता. भिंत बिस्किटापेक्षा कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोळात शिडी लावली. हातात बागेची झारी घेऊन वर चढलो आणि माझ्या भिंतीवर पाणी घालू लागलो. घाई न करता, वरून खाली, पन्हळीतून उडाल्यासारखं दिसेल अशा बेतानं. काम सुरेख जमत होतं. एक ओघळ तर इतका खरा वाटला की मलाच टिलिंगबाईंचा राग आला.

झारी संपली म्हणून मी वळलो. माझ्या नाकासमोर टिलिंगबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. माझी वाफ गेल्यापासून तिची काच आरशासारखी स्वच्छ झाली होती. काचेमागे टिलिंगबाई हातात कप घेऊन उभ्या होत्या. कप अर्धा रिकामा होता, म्हणजे त्या बऱ्याच वेळापासून बघत होत्या.

त्यांनी खिडकी उघडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, झारीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"हवा बरी आहे आज," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. "उघडीप आहे."

"भिंत मात्र बरीच ओली दिसते."

झारीच्या तोंडातून शेवटचे थेंब खाली बोळात पडत होते आणि त्यांचा आवाज फार मोठा वाटत होता.

"हे एका खेपेत उरकणारं काम नाही," टिलिंगबाई विचार करून म्हणाल्या. "अधूनमधून येऊन बघत राहावं लागेल."

त्यांनी खिडकी लावून घेतली. मी शिडीवर तसाच. थोड्या वेळानं माझ्या मागच्या दाराची कडी वाजली, माझ्या किटलीत पाणी पडलं, माझं फडताळ उघडलं. मग डब्याचं झाकण निघालं.

"क्लिफर्ड," आतून आवाज आला, "तुझी बिस्किटं सादळलीत. जानेवारीतच सादळली होती. लोकांना असलं खायला घालतात का?"

मेव्हिस गेल्यापासून त्या घरात मला कुणी नावानं हाक मारून रागावलं नव्हतं. मी झारी शिडीला अडकवली आणि पंचाहत्तरीतल्या माणसानं उतरू नये तसा दोन-दोन पायऱ्या सोडून उतरलो. खालच्या पायऱ्या माझ्याच पाण्यानं निसरड्या झाल्या होत्या. घोटा असा मुरगळला की आज मार्च संपत आला तरी मी खुर्चीवर पाय टाकून बसलोय, आणि टिलिंगबाई रोज येतात. ओकलीसुद्धा दोनदा आले, मलमाची डबी घेऊन, कबुतरांना लावतात तीच. पायाचं काय झालं विचारलं की मी सांगतो, ओलीवरून घसरलो. ओल कुणाची, ते कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीत तशी पद्धत नाही.